उंबर, पितळ, गाडी

लोणावळ्यात मेंदूचे डॉक्टर म्हणून चिंतामणी गद्रे यांचं नाव मोठं आणि हट्ट त्याहून मोठा. मी, अनघा, एकोणीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात नोंदी लिहिते. त्या हट्टापायी माझ्याइतकं कुणी चडफडलं नसेल.

दर उन्हाळ्यात आम्ही पवनानगरकडच्या वस्त्यांवर म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायला जायचो. डॉक्टर तीन शब्द सांगायचे: उंबर, पितळ, गाडी. मग पाच मिनिटं इकडच्यातिकडच्या गप्पा, आणि पुन्हा तेच शब्द विचारायचे.

"आता तरी शब्द बदला," मी दरवर्षी म्हणायचे.

"बदलले तर मागच्या वर्षाशी तुलना कशी करायची?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. या भागातली म्हातारी माणसं फार कमी विसरतात, असं त्यांना आढळलं होतं. त्यावरचं पुस्तक लिहून होत आलं होतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही भामाबाईंच्या घरी तासभर आधीच पोचलो. या बाई दर वेळी पास. दार लोटलेलं होतं आणि भर दुपारी आतून संथ, एकसुरी आवाज येत होता. "उंबर, पितळ, गाडी. उंबर, पितळ, गाडी." पलीकडच्या घरातूनही तेच ऐकू येत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अजून आम्ही कुणाला काही विचारलंच नव्हतं.

सून नंदाबाई बाहेर आली ती ओशाळूनच. "समदीच घोकून घेत्यात, डॉक्टर. नापास झाली तर लोक येडी म्हनत्यात."

डॉक्टर आत जाऊन भामाबाईंपुढे बसले. "मावशी, तुमचं नाव काय?"

"उंबर," त्या हसून म्हणाल्या.

"आणि ही कोण?"

भामाबाईंनी सुनेकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "पितळ."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे कधीपासून?"

"झाली की चार वर्सं," नंदाबाई म्हणाली. "पर तुमचं शबुद त्या कवाच चुकल्या न्हाईत."

वेळेवर औषध मिळालं असतं, तर काही काळ तरी त्यांनी सुनेला ओळखलं असतं. मला डॉक्टरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. ते पैकीच्या पैकी गुण मीच कौतुकानं लिहीत आले होते.

"हे शब्द आजपासून बंद," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

नंदाबाईनं पदर खोचला आणि ती सासूला खेटून बसली.

"चालंल की. नवं सांगा. आत्ताच पाठ करून घेते."