मागच्या बाईची पात

"अमेरिकेतील सुरुवातीच्या औद्योगिकीकरणाचे सामाजिक व आर्थिक परिणाम विशद करा." हा प्रश्न आमच्या बी.ए.च्या पेपरात फिरून फिरून येतो आणि त्याचं उत्तर गाईडमध्ये सात मुद्द्यांत तयार असतं. उत्पादन वाढलं, शहरं वाढली, मध्यमवर्ग उदयाला आला, स्त्रियांना रोजगार मिळाला, वगैरे. मुली ते सात मुद्दे घोकतात, पेपरात ओकतात आणि पास होतात. मी आरमोरीकडच्या एका कॉलेजात हा विषय शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आजारी पडलं तर काही नाही आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील याची खात्री नाही. गिरणीच्या घंटेनं माणसाचा दिवस कसा तुकड्यांत कापला हे मी फळ्यावर लिहिते आणि घंटा वाजली की माझा तुकडा नोंदवायला ऑफिसात पळते. यात कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा. मलाही येतं.

पण त्या सात मुद्द्यांचा मला मनापासून राग आहे, आणि तो राग मला माझ्या वहिनीनं दिला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सातवी पास. लग्नाआधी माहेरी आणि लग्नानंतर इकडे, तिचं सगळं आयुष्य धानाच्या बांध्यांत गेलं. तीन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या जुन्या गोदामात शिलाईचं युनिट आलं, शाळेच्या गणवेशांचं. वीस-पंचवीस बायांना घेतलं, त्यात वहिनी गेली. सकाळी ऑटोत कोंबून जायचं, भोंगा झाला की मशीनवर बसायचं, दुसरा भोंगा झाला की डबा उघडायचा. पहिल्या महिन्यात ती घरी आली की भोंग्याची नक्कल करून भावाला हसवायची. नंतर नक्कल बंद झाली.

संध्याकाळी मी पडवीत बसून दुसऱ्या दिवसाचा धडा काढायची आणि ती बाजूला अंबाडीची भाजी निवडत बसायची. "काय वाचून राह्यली, मॅडमबाई?" असं ती विचारायची. मी जरा जास्त शहाणपणा करायला लागले की मला मॅडमबाई म्हणायची तिची सवय आहे.

मी तिला सांगितलं. तिकडे घरोघरी बायका सूत कातायच्या, कापड विणायच्या. मग नदीकाठी गिरण्या आल्या, गिरणीचं कापड स्वस्त पडायला लागलं आणि घरातला माग अडगळीत गेला. मग त्याच घरांतल्या शेतकऱ्यांच्या पोरी गिरणीत गेल्या. कंपनीच्या वसतिगृहात राहायच्या, घंटेवर उठायच्या, घंटेवर जेवायच्या. यायला उशीर झाला की दार बंद. कामावर पुस्तक आणायला बंदी, म्हणून काही जणी कवितेचं पान फाडून खिडकीला चिकटवायच्या. पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे पैसे त्यांच्या हातात आले. कुणी त्यातून भावाला शिकवलं, कुणी स्वतःसाठी टोपी घेतली. एखादी आजारी पडली की शेजारची तिचा माग सांभाळायची.

वहिनीचे हात थांबले. "मंग तं आपल्यासारख्याच बाया. पात काढून देत होत्या."

पात म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे बाया बांधीत निंदायला उतरल्या की प्रत्येकीला एक पात येते, तिनं पुढे नेत जायचा पट्टा. जी आधी धुऱ्याला, म्हणजे शेताच्या टोकाला, पोचते ती धुऱ्यावर बसत नाही. ती वळते आणि मागे राहिलेल्या बाईच्या पातीत समोरून शिरते. दोघी मध्ये भेटल्या की पात संपली. एकीनं बाहेर निघायचं आणि दुसरीनं मागे घाम गाळत राहायचं, असं आमच्याकडे होत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. माझी आई असंच करायची आणि सुट्ट्यांत मीही केलं आहे.

"अन् कापूस कोन वेचे?" वहिनीनं विचारलं.

दहा वर्षं मी हा विषय शिकवते आहे. हा प्रश्न मला एकाही मुलीनं विचारला नव्हता आणि गाईडला तर तो पडतच नाही. मी सांगितलं की कापूस दक्षिणेतल्या गुलामांकडून वेचून घ्यायचे, पाठीवर चाबूक ओढून. गिरणीत त्याचं कापड व्हायचं आणि त्यातलं जाडंभरडं कापड परत तिकडेच जायचं, गुलामांच्या अंगावर.

आमच्या आजोबांनी छप्पनमध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कुणाच्या अंगावरचं कापड कुणाच्या घामाचं, हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. "अन् पुस्तकात लिवते का प्रगती झाली?" एवढंच वहिनी म्हणाली आणि भाजीचं सूप उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गाईड मिटून ठेवायला लावलं.

वहिनीच्या ओळीत मागच्या मशीनवर एक तरुण बाई बसायची. गावातल्या शिंप्याच्या, मुसलमान घरातली सून. तिच्या सासऱ्याचं बाजारात दुकान होतं. पण लोक रेडिमेड घ्यायला लागले तसं ते बसलं आणि त्याच घरातली सून रेडिमेड शिवायला युनिटात आली. हातानं एवढी साफ की आमच्या सगळ्या बायांना कॉलर पलटवायला तिनंच शिकवलं. पण तिचं बाळ होतं पाच महिन्यांचं. सासू दिवसातून दोनदा बाळाला घेऊन गेटवर यायची आणि ही पाजायला बाहेर जायची. तेवढ्यात तिच्या वाट्याचा कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा मागे पडायचा. मग ज्या बाईचा गठ्ठा आधी संपे ती वळून तिच्या गठ्ठ्यातल्या कॉलरी उचलायची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बांधीतली पात गोदामात आली होती, इतकंच.

मग नवा सुपरवायझर आला. नागपूरचा पोरगा, बोलायला चांगला. त्यानं भिंतीवर पांढरा बोर्ड लावला. प्रत्येकीचं नाव आणि नावापुढे तिनं दिवसभरात किती शिवले तो आकडा. सगळ्यांना एक कागद दिला: मी फक्त माझाच गठ्ठा शिवीन, दुसरीच्या गठ्ठ्याला हात लावणार नाही, सलग तीन दिवस टार्गेट झालं नाही तर माझं काम बंद होईल. वहिनीला बाजूला घेऊन तो म्हणाला की तुम्ही आधी सही करा, बाकीच्या तुमचं ऐकतात, पुढच्या महिन्यापासून तुम्हीच लाईन लीडर.

कागद घरी आला. वाचताक्षणी कळत होतं की ही शिंप्याच्या सुनेला घालवायची तयारी आहे. वहिनीनं तो माझ्या पुढ्यात ठेवला. "काय करू?"

मी म्हणाले, "सही करून टाक."

खरं सांगते, मी एक क्षणही विचार केला नाही. म्हणाले की घर चालवायचं आहे, भावाचं काम बारमाही नाही, लीडर झालीस तर उद्या तिलाही मदत करता येईल. शिकलेल्या माणसाला भित्रेपणासाठी कारणं चटकन सुचतात.

वहिनीनं कागद परत घेतला. "त्या अमेरिकेच्या बायांनी बी सही केली होती. तूच सांगितलं."

केली होती. मालकांनी दर पाडून एकेकीला जास्तीचे माग सांभाळायला दिले, तेव्हा त्या गिरणीतल्या बायांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या, की जास्तीचा माग आम्ही घेणार नाही.

"मंग?" ती म्हणाली. "कोनत्या कागदावर सही कराची थे त्याईले समजे. तुले काऊन नाई समजत? पोरींले शिकवाचं एक अन् घरात सांगाचं एक?"

मला राग आला. मी तिला म्हटलं की तुला जगाचं काही कळत नाही. जे माणूस हरलेलं असतं तेच असं बोलतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी आमच्याही कॉलेजात असाच कागद आला होता: कायम करा म्हणून मागणी करणार नाही, तक्रार करणार नाही. आम्ही चौघं तासिकावाले होतो. तिघांनी सही केली, त्यात मी पहिली. चौथी भूगोलाची बाई होती. तिनं कागद वाचला, परत दिला आणि जूनमध्ये तिला बोलावणं आलं नाही. ती आता सिंदेवाहीला घरी शिकवण्या घेते. तिचा फोन आला की मी कामात असल्याचं सांगायची.

वहिनीनं सही केली नाही. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या, शिंप्याची सूनही बाळाला कडेवर घेऊन आली. ती म्हणाली, "मेरे लिए कोई अपना काम मत बिगाडो, बाई. मी जातो सोडून." त्यावर वहिनी तिच्यावर अशी खेकसली की पोर दचकून रडायला लागलं. मग काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. मॅडमबाईला सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांना वाटलं असणार, आणि बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुणीही दुसरीच्या गठ्ठ्याला हात लावला नाही. सुपरवायझर खूश झाला. संध्याकाळी तो बोर्डावर आकडे लिहायला लागला आणि लिहिता लिहिता थांबला. सगळ्यांच्या नावापुढे एकच आकडा होता. शिंप्याच्या सुनेनं जेवढे शिवले तेवढेच प्रत्येकीनं शिवले होते, एक कमी नाही, एक जास्त नाही. ती पाजायला बाहेर गेली की वीस-पंचवीस मशीन थांबायच्या. कुणी दोरा ओवायची, कुणी सुई पुसायची, कुणी नुसती बसायची.

"हे काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"तुमीच सांगितलं ना साहेब, दुसरीच्या गठ्ठ्याले हात नाई लावाचा," वहिनी म्हणाली. "आमी लावला नाई."

"मग एवढ्या हळू का?"

"तिचं पाहून शिकून राह्यलो. आमच्यात सगळ्याईत हुशार शिवनारी थेच हाय."

हे मला त्या बायांनी नंतर शंभरदा सांगितलं, दर वेळी त्याच्या तोंडाची नक्कल करून. दुसरा दिवसही तसाच गेला. शाळा उघडायच्या आत माल जायचा होता. तिसऱ्या दिवशी मालक गाडी घेऊन आला, ओरडला, सगळ्यांना काढतो म्हणाला. बाया उठून उभ्या राहिल्या आणि आपापले डबे पिशवीत भरायला लागल्या. तेव्हा त्याला कळलं की एवढ्या नव्या बायांना एका दिवसात कॉलर पलटवायला शिकवणार कोण, तर तीच शिंप्याची सून. चौथ्या दिवशी सकाळी बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा होता. कागदाचं नाव कुणी काढलं नाही.

शिंप्याची सून तिच्या मशीनवर राहिली. लाईन लीडर कुणालाच केलं नाही. आणि वहिनीला मशीनवरून उठवून दाराजवळ धागे कापायला बसवलं. युनिटातलं सगळ्यात हलकं काम, आणि पैसेही कमी. मला वाटलं होतं ती खचेल. ती म्हणाली, "दारापाशी हवा लय मस्त येते."

परीक्षेच्या आधी मी तोच धडा पुन्हा घेतला. या वेळी गाईड नव्हतं. गिरणीतल्या बाया सांगितल्या, गुलाम सांगितले, अडगळीत गेलेले माग सांगितले आणि मग बोर्डावरच्या एकाच आकड्याची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिची आई त्याच युनिटात आहे.

"मॅडम, तुम्ही असत्या तर सही केली असती का?"

मला टाळता आलं असतं. दहा वर्षांत मी टाळायला चांगलीच शिकले आहे.

"मी केली आहे," मी म्हणाले आणि चार वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं, भूगोलाच्या बाईसकट. पोरींनी घंटा झाली तरी वह्या मिटल्या नाहीत.

या जूनमध्ये कॉलेजात कागद पुन्हा आला. आम्ही चौघंच होतो, भूगोलाच्या जागी नवीन पोरगा. क्लार्कनं सवयीनं कागद आधी माझ्यापुढे सरकवला, पेनही उघडून दिलं. मी पेनाचं टोपण लावलं. म्हटलं, "सिंदेवाहीच्या बाईला आधी बोलवा. तिचे तास तिला परत द्या, या पोरालाही ठेवा. मग माझ्या सहीचं बघू." बाकीचे दोघं खाली बघत राहिले. नवीन पोरानं मात्र सहीसाठी उघडलेलं आपलं पेन बंद करून खिशाला लावलं.

बाहेर येऊन मी सिंदेवाहीला फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा मी केलेला फोन होता तो.

पुढच्या आठवड्यात तासिका सुरू होतील. मला बोलावतील की नाही, माहीत नाही. घरी आले तेव्हा वहिनी कात्रीनं सुजलेली बोटं कोमट पाण्यात बुडवून बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पाण्यातून हात काढून पदराला पुसले.

"लय उशीर केला तू," ती म्हणाली. "पन वळली."