स्लॅबमध्ये गेलेला माझा पीएफ

१. लग्नानंतर मी पुण्याची नोकरी सोडली.
२. त्याच वर्षी माझा पीएफ पूर्ण काढला. 'पडूनच तर आहे,' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.
३. ते पैसे कारंज्याला सासरच्या घराच्या स्लॅबला लागले. घर सासऱ्यांच्या नावावर आहे.
४. नवऱ्याचा पीएफ दर महिन्याला वाढत राहिला.
५. आता आम्ही संमतीने घटस्फोट घेतोय. पोटगी मी मागितलेली नाही. लग्नानंतरच्या वर्षांत त्याच्या पीएफमध्ये जे जमलं, त्यातला निम्मा हिस्सा मागितलाय.

मंगळवारी वाशिमला कोर्टात मध्यस्थीची तिसरी बैठक होती. माहेरहून, वाशिमजवळच्या मालेगावहून, मी एकटीच गेले... बाबांना मुद्दाम नेलं नाही. समोर नवरा, सासूबाई आणि सासूबाईंचे मोठे भाऊ, म्हणजे नवऱ्याचे मामा.

सुरुवात मामांनीच केली. "म्हातारपणाचा पैसा हाय त्याचा. त्याले कायले हात लावतं वं पोरी?"

"मामा, म्हातारी मीही होणार आहे."

"तू त इंजिनेर बाई! तुले काय कमी हाय?" ते एकटेच हसले.

मध्यस्थ मॅडमनी मला विचारलं, स्लॅबला तुमचे पैसे लागल्याचा काही कागद आहे का?

इथे मी अडकले. काँक्रीट टेस्टिंग हेच माझं काम. लोकांच्या स्लॅबमधून तपासणीसाठी भरलेल्या काँक्रीटच्या एकेका ठोकळ्याचा, क्यूबचा, नंबर, तारीख, वजन मी लिहून ठेवते... आणि स्वतःच्या वेळी रोख रक्कम काढून सासऱ्यांच्या हातात दिली. सिमेंट-सळईची सगळी बिलं त्यांच्या नावाची. माझ्या पासबुकात पैसे काढल्याची फक्त एक ओळ.

"कागद नाही," मी म्हणाले.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो टेबलाकडे बघत राहिला. मामा "झालं मंग," म्हणत उठायला लागले.

तीन बैठकांत एक शब्दही न बोललेल्या सासूबाई तेव्हा भावाकडे वळल्या. "बस ना दादा. स्लॅबच्या दिवशी नारळ कोणाच्या हातानं फोडला होता?"

मिक्सर सुरू होण्याआधी घरचा कर्ता नारळ फोडतो. त्या दिवशी मामांनी तो सासऱ्यांना दिला होता. सासूबाईंनी त्यांच्या हातून घेऊन माझ्या हातात ठेवला होता... मी हे पार विसरले होते.

"ज्याचा पैसा त्याचा नारळ, असं म्याच म्हटलं होतं. अन् तूच त खोबरं वाटलं मजुरायले. आता काहून आठवत नाही?"

मामा पुन्हा बसले. "मी कुठं नाही म्हणून राह्यलो..."

मॅडमनी लिहून घेतलं. नवऱ्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मसुदा दे, वाचतो," एवढंच म्हणाला. हो म्हणाला नाही.

बाहेर सासूबाईंशी बोलता आलं नाही. त्यांना त्याच माणसांत, त्याच स्लॅबखाली राहायचंय. त्या बोलल्या, त्याची त्यांना किती किंमत मोजावी लागेल, ते मला कळतं... मी त्यांची ऋणी आहे.

माझ्या वकिलांच्या म्हणण्यानुसार, पीएफ ऑफिस असं खातं आपणहून वाटून देत नाही. नवऱ्याने तेवढी रक्कम कोर्टातल्या शेवटच्या तारखेआधी मला द्यावी, ही अट आम्हालाच करारात नेमकी लिहावी लागेल. ज्यांनी अशी अट लिहून घेतली आहे, त्यांनी तिचे शब्द मला मेसेज करावेत. मसुदा सोमवारी द्यायचा आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे.