फ्लेन्सबर्गची कॉफी

विमान सिंगापूरवर उतरू लागलं तेव्हा खाली समुद्रात जहाजं दाटीवाटीने उभी होती. बाकीचे प्रवासी फोटो काढत होते, मी मात्र भांडणाची तालीम करत होतो. बेळगावात अर्धं आयुष्य सीमालढ्यात घालवलेल्या माणसाच्या लेकीने कन्नड मुलाशी लग्न ठरवावं? मंजिरी इथे विद्यापीठात संशोधन करते. फोनवर ऐकेना, म्हणून मीच निघालो.

तिचा फ्लॅट वुडलँड्सला. खिडकीतून मलेशियाकडे जाणारा पूल दिसतो. खालच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाऊगल्लीत, काया टोस्ट (नारळ-अंड्याचा जॅम लावलेला पाव) खाल्ला. आवडला, पण कबूल केलं नाही. पहिले काही दिवस आम्ही बापलेक फक्त हवामानावर बोललो, आणि सिंगापुरात हवामान काही बदलत नाही.

रविवारी ती मला इंगेकडे घेऊन गेली. इंगे तिच्या प्रयोगशाळेतली, निवृत्तीला आलेली. मूळची जर्मनीतल्या फ्लेन्सबर्गची, पण घराणं डॅनिश. नवरा उवे त्याच गावचा, जर्मन. आत पाऊल टाकतो तो सोफ्यावर तोच कन्नड मुलगा, गिरीश! तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, आज भांडू नका की," मंजिरी पुटपुटली.

टेबलावर केकच केक. इंगे म्हणाली, "प्रत्येकातला खायचा. आमच्याकडची पद्धत आहे. १८६४च्या युद्धात आमचा प्रदेश डेन्मार्कच्या हातून गेला आणि प्रशियाकडे आला. डॅनिश सभागृहांना दारूचा परवाना मिळेना. मग बायकांनी घरून केक आणले आणि कॉफीवर सभा चालवल्या."

ही माणसं मला आपली वाटली. मी दुसरा तुकडा घेतला.

"१९२० साली कुठल्या देशात राहायचं यावर मतदान झालं," ती पुढे म्हणाली. "उत्तरेचा भाग डेन्मार्ककडे परत गेला. फ्लेन्सबर्ग जर्मनीतच राहिलं."

मी उवेकडे वळलो. "म्हणजे तुमच्या लोकांनी यांचं गाव ठेवून घेतलं."

मंजिरी बशीकडे बघत राहिली. गिरीशने कप खाली ठेवला.

उवे शांतपणे म्हणाला, "माझ्या आजोबांनी जर्मनीला मत दिलं, हिच्या आजोबांनी डेन्मार्कला. दोघं एकाच गल्लीत राहायचे. नंतर कधी बोलले नाहीत."

"तुमच्या लग्नात तरी?"

"माझे आजोबा आलेच नाहीत," इंगे म्हणाली. "वाटलं, राग ओसरला की भेटतील. त्याआधीच गेले."

तिने माझ्या बशीत आणखी एक तुकडा वाढला. मी बशी बाजूला सारली. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, आणि लगेच भीती वाटली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

परतीच्या दिवशी मंजिरी आणि गिरीश दोघं विमानतळावर आले. मंजिरीने काही विचारलं नाही, पण तिचे डोळे सुजलेले होते. गिरीश माझ्याशी कायम मराठीतच बोलायचा. कन्नड मला लहानपणापासून येतं, पण मी ते हट्टाने सोडून दिलं होतं. तो नमस्काराला वाकला आणि माझ्या तोंडून निघालं, "अप्पा-अव्वन्न करकोंड मनीगे बा." (आईवडिलांना घेऊन घरी ये.)

मंजिरी तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडली.

आता बेळगावात परत आलोय. बायकोने हॉलची चौकशी सुरू केली आहे, चळवळीतले दोन मित्र रस्ता बदलून जातात. वाईट वाटतं. बेळगाव महाराष्ट्रात यावं हे माझं मत आजही तेच आहे, पुढच्या मोर्चालाही मी जाणार. पण इंगेच्या आजोबांचा विचार मनातून जात नाही. त्यांनाही मत बदलायला कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं लग्नाला जायचं होतं.