द्रोणातल्या स्ट्रॉबेरी

थंडीत त्र्यंबक रोडवर धुकं इतकं दाट असायचं, की आधी पाटीतला लाल रंग दिसायचा आणि मग हळूहळू ती बाई. हरसूलकडून पहिल्या एसटीने ती स्ट्रॉबेरी घेऊन यायची. नाव मी कधी विचारलं नाही.

पाटी उतरवली की झोपलेल्या लेकराच्या केसांतून फिरवावीत तशी ती फळांवरून बोटं फिरवायची. सगळ्यांत चांगली सात-आठ निवडून पळसाच्या द्रोणात ठेवायची, वर ओलं फडकं झाकायची. मगच विक्री. मला ते खटकायचं. गिऱ्हाईक समोर उभं आणि चांगला माल झाकलेला!

एकदा ऑफिसला जाताना मी तो द्रोणच मागितला.

"त्या नाय द्यायच्या, दादा. घरच्या हायेत."

"घरी संध्याकाळी उरलेल्या न्या की."

ती रागावली नाही. नवलाने बघत राहिली. "चांगलं सारं लोकांना आन् उरलेलं घरी? मंग पिकवायचं कोनासाठी?"

मी हसलो, पाटीतल्या घेऊन निघालो. ऑफिसात सगळ्यांना वाटल्या. साहेबांना तर मी स्वतः निवडून दिल्या.

संध्याकाळी लेकीने दार उघडलं. "बाबा, आज बोलायचं, की दमलायस?" तिने रोजच्यासारखं विचारलं. तेवढ्यात तिला पिशवी दिसली. तळाशी चार उरल्या होत्या, मऊ पडलेल्या.

"माझ्यासाठी आणल्यास?"

धुकं सकाळीच विरलं होतं, तरी मला तिचा चेहरा नीट दिसेना.