ट्रेलरपाशी दाखवलेला हात

अंगात येणं, नजर लागणं, अवसेला बाहेर न पडणं... यातलं काहीच मी आजवर मानलेलं नाही. सासूबाई दाराला लिंबू-मिरची बांधतात, ती सुकली की काढून टाकणारी मीच. तरी हे लिहितेय, कारण ते मी स्वतः पाहिलंय — आणि तेही भर उन्हात.

मी कासूजवळच्या एका गावात राहते. नागोठण्याकडे एका छोट्या कंपनीत पॅकिंगला जाते. शेजारची नूरजहाँ माझ्याच शिफ्टला, दोघी सायकलने. परतताना खरं तर हायवेच्या पलीकडच्या लेनने यायला हवं. पण त्यासाठी डिव्हायडर जिथे तोडलाय तिथपर्यंत मागे जावं लागतं. म्हणून आम्ही राँग साइडनेच यायचो. "समोरची गाडी दिसते तरी," असं नूरजहाँ म्हणायची.

हे घडलं त्याच आठवड्यात कंपनीत वाहतुकीच्या नियमांचा कार्यक्रम झाला होता. साहेबांनी हाताचे इशारे करून दाखवले. उजवा हात आडवा धरून तळवा वर-खाली केला तर 'मी वेग कमी करतोय'. तोच हात मागून पुढे फिरवला तर 'तुम्ही पुढे जा'. आम्ही दोघी मागे बसून हसत होतो.

एप्रिल होता. साडेतीनला सुटलो. कासूच्या अलीकडे कडेला एक बंद पडलेला ट्रेलर उभा होता. त्याला वळसा घालायचा तर लेनमध्ये शिरावं लागणार, आणि पलीकडचं काही दिसत नव्हतं. आमच्या पुढे एक सायकलवाला होता. कधीपासून, ते लक्षात नाही. काळी जुनी सायकल, विटका खाकी शर्ट. ट्रेलरजवळ येताच त्याने उजवा हात आडवा काढला आणि तळवा वर-खाली केला. सावकाश, दोनदा.

मी ब्रेक दाबून पाय टेकला. तो ट्रेलरला वळसा घालून दिसेनासा झाला. नूरजहाँ मात्र थांबली नाही. सीटवरून उठून जोरात पायडल मारत ती माझ्या बाजूने पुढे गेली. मला वाटलं, तिनेही हात पाहिलाय, थांबेल...

मग हॉर्न. आणि तो आवाज.

टेम्पो होता. नूरजहाँ वाचली, पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मी धावत ट्रेलरच्या पुढे गेले तेव्हा वडखळच्या दिशेने रस्ता सरळ, मोकळा. सायकलवाला कुठेच नाही. झाडाखाली ताडगोळे विकणारी बाई धावत आली. मी तिलाच विचारलं, "पुढचा सायकलवाला कुठं गेला?"

"कोन पुढचा? तुमी दोगीच व्हतात गो. तू मधीच थांबलीस, ही पुढं गेली."

पेणच्या हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी नूरजहाँ नीट बोलायला लागली. मला राहवेना. "अगो, त्या माणसाने हात दाखवला तरी तू गेलीस कशाला?"

"खाकी शर्टवाला ना? त्यानंच तर बोलावलान," ती म्हणाली. "हात मागून पुढं फिरवलान, त्या साहेबांसारखा. म्हणून तर मी जोरात मारली."

"नाय गो, हळू व्हायला सांगितलान..."

"मी आंधळी हाय काय?" एवढं बोलून ती भिंतीकडे वळली.

आता मी एकटीच कामाला जाते. डिव्हायडरच्या तुटक्या जागेपर्यंत मागे जाते आणि डाव्या बाजूनेच घरी येते. उन्हाचा भास म्हणावा, तर दोघींना एकच शर्ट कसा दिसला? खरा माणूस म्हणावा, तर एकाच हाताचे दोन इशारे कसे? नूरजहाँ आता काठी घेऊन चालते. ओट्यावर बसलो की ती मला विचारते, "तुला थांबवलान, मग मला का बोलावलान?"

पण तिच्या या प्रश्नाहून एक गोष्ट मला जास्त छळते. ती माझ्या बाजूने पुढे गेली तेव्हा 'थांब' एवढा एक शब्द ओरडायला मला वेळ होता. मी तोंडही उघडलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.