कमानीवरचा झोका

अन्याय झाला तो आमच्या गावच्या माहेरवाशिणींवर. कधी झाला तेही सांगते. पुरानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत, चहा येऊन गेल्यावर, सरपंच "आता बाकीचं किरकोळ" म्हणत सतरंजीवरून उठले तेव्हा.

पुरात निरगुडसरकडच्या आमच्या गावाची नदीकाठची चिंच मुळासकट वाहून गेली. नागपंचमीचा झोका त्याच चिंचेला असायचा. मदतीला आलेले पुण्याचे लोक म्हणाले, घरं उभी राहतील, पण माणसांची मनं खचलीत. खेळायला, फिरायला नदीकाठी काय करायचं ते गावानं मिळून ठरवा. गावानं मिळून ठरवलं. गाव म्हणजे पारावर मावले तेवढे पुरुष.

रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं आलं आणि आधी बैलगाडा शर्यतीचा घाट आखला गेला, चांगला चढाचा, बैलांच्या मनासारखा. माथ्यावर लोखंडी कमान उभी राहिली. मग कुस्तीचा आखाडा झाला. मग कुणाला तरी क्रिकेट आठवलं, पण उरलेली जागा त्याच चढावर होती. पोरांनी मारलेला चौकार वर जाऊन, जरा विचार करून, परत बॅट्समनच्या पायाशी यायचा. झोक्याचं नाव कुणी काढलं नाही.

मी तेव्हा जुन्नरला कॉलेजात होते आणि पत्रकं काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. 'झोका हा लेकींचा हक्क आहे' असं पत्रक झेरॉक्स करून मी गावभर वाटलं. दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर प्रत्येकाच्या हातात दिसलं. भेळवाल्यानं पुड्या बांधल्या होत्या. भेळ संपली की लोक हक्क चुरगाळून टाकत होते.

खरा प्रश्न माझ्या आत्याचा होता. निमगाव सावाला दिलेली, साठी ओलांडलेली, अंगानं भरभक्कम. वर्षातून एकदा, पंचमीला, ती माहेरी यायची. झोक्यावर बसली की तिला आजी म्हणायची कुणाची टाप नसे. फोनवर म्हणाली, "झोका न्हाई तर नुसती पुरणाची दिंडं खायला एसटी धरू व्हय? दिंडं मला बी येत्यात."

चिंच पुरानं नेली होती. आत्या गावानं घालवली असती. मी तिला कमानीचं सांगितलं. तिनं उंची विचारली आणि फोन ठेवला. आत्यानं असा फोन ठेवला की समजायचं, निघाली.

पंचमीला ती जाडजूड दोर खांद्यावर टाकूनच उतरली. आम्ही बायकांनी शिडी लावून तो कमानीला बांधला. पहिला मान आत्याचा. ती उंच जाऊ लागली तेव्हा कमान कुरकुरली आणि सरपंच पळत आले.

"आत्या, ही कमान बैलांसाठी हाय."

"बैलांचा पोळा लांब हाय अजून. आज आमचा सण. बाजूला हो, पाय लागंल."

सरपंचांनी तिला विनवून खाली उतरवलं आणि दोन गडी शिडीवर चढवले. पण आत्याच्या वजनानं गाठ अशी आवळली होती की दोघांची नखं गेली. मग सरपंच म्हणाले, इळा आणा.

कुणी हललं नाही. पंचमीला आमच्याकडे भाजीसुद्धा चिरत नाहीत, दोर कोण कापणार? सरपंच स्वतःच घराकडे वळले, तर झोक्याच्या रांगेतून त्यांच्या आईचा आवाज आला, "आज इळा हातात धरलास तर जेवायला येऊ नगंस. आन् आता सरक, माझा नंबर हाय."

दुसऱ्या दिवशी कापायला हरकत नव्हती. पण सकाळी झोक्यावर सरपंचांचीच लेक बसलेली होती.

दोर अजून तिथंच आहे. शर्यतीच्या दिवशी गुंडाळून वर टांगतात. कमान एका अंगाला किंचित झुकली आहे आणि पंचायतीतल्या नकाशात झोका आजही नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात पाणी ओसरून मैदान आखायची वेळ आली, तर फक्कीचं पोतं फोडण्याआधी माहेरवाशिणींना निरोप धाडा. त्या येईपर्यंत सभा उरकू नका. आणि पहिल्याच दिवशी चिंचेचं रोप लावा. कमानीला सावली नसते.