तीन बोटं जमीन

परवा पळसाच्या पानांत बांधलेल्या माशांचा वास आला आणि आमच्या गावाकडच्या गोरेगावचा तो आठवडी बाजार आठवला. तेव्हा माशांचं शास्त्र शिकायला कोचीला जाण्याचा लेकीचा अर्ज आठ दिवस माझ्या खिशात होता आणि मी त्यावर सही केली नव्हती. मासेवालीच्या पाटीतला चपटा चालट मासा उचलून लेक म्हणाली, "मावशी, याचे भाऊबंद आफ्रिकेतल्या नद्यांत आहेत." "खाऱ्या पाण्यात तर ह्यो मरते. मग दर्या वलांडला कसा?" "मासा नाही गेला. तिकडची अन् आपली जमीन आधी एकच होती. ती फुटली अन् पोटातले मासे घेऊन सरकून राहिली, वर्षाला तीन बोटं." मी मनात हिशेब केला: माझ्या पंचेचाळीस वर्षांत जेमतेम सव्वा खाट. लेक हळूच म्हणाली, "बाबा अजून सही करंनात, मावशी." मासेवाली पानं गुंडाळत मला म्हणाली, "जमीन हलून राहिली अन् बाप हलंना, व्हय दादा?" मी पाटीच्या काठावर अर्ज ठेवून सही केली, कोपऱ्याला माशाचं पाणी लागलं, अर्ज तसाच गेला. याला सहा वर्षं झाली. जमीन अठरा बोटं सरकली असेल. लेक किती, ते मला मोजता येत नाही.